आबांचे पाय

इमास : मग लोकांना काय सांगू? वडील जिवंत आहेत, घरातच आहेत, पण पाय मामाचे धुतले?

आबा : मामा काय परका आहे? तुझ्या आईचा सख्खा भाऊ. ती नाही, तर तिच्या माहेरचं कुणीतरी खुर्चीत बसलेलं शोभून दिसतं.

इमास : आईच्या खुर्चीत बसू दे ना मामाला. शेजारच्या खुर्चीत तुम्ही बसा. मी मांडववाल्याला दोन खुर्च्या सांगितल्यात.

आबा : मला नाही जमायचं, नेंग, माझ्या पोरी. गर्दी असते, फोटोवाले असतात. डोळ्यांना उजेड सोसत नाही.

इमास : डोळे मिटून बसा. मला तुमचे पाय हवेत, डोळे नकोत.

आबा : आणि सकाळच्या वेळचं ते गार पाणी. आपल्या गारुतची थंडी काय तुझ्या बांडुंगसारखी आहे?

इमास : कोमट करीन. अजून काय?

आबा : अजून काही नाही. नको म्हणतोय तर नको.

इमास : कालपासून नुसती कारणांची माळ ओवताय. पलीकडच्या एन्तिनच्या लग्नात तिच्या बापाचं अर्धं अंग लुळं होतं. दोघांनी उचलून खुर्चीत बसवलं त्याला. तुम्हाला नुसतं ओसरीवरून अंगणात यायचंय. लग्नाच्या आदल्या दिवशी मुलगी बापापुढे बसते, चुकलंमाकलं माफ करा म्हणते, पाय धुते. आयुष्यात एकदा. तेही तुम्हाला नको असेल तर सरळ सांगा, की पोरी, तू मला नकोस.

आबा : असं बोलू नये.

इमास : मग कसं बोलू? आई गेल्यापासून तुम्ही मला जवळ घेतलेलं नाही. ईदला सगळी पोरं बापाच्या हाताला कपाळ टेकवतात. तुम्ही हात पुढे करता आणि मी टेकवायच्या आत काढून घेता. मला वाटायचं, दुःखानं होत असेल. असो. केस बांधते आणि मामाला फोन लावते.

आबा : थांब.

इमास : आता काय?

आबा : कानामागे ते काय आहे?

इमास : कुठे?

आबा : डाव्या कानामागे. केसांच्या कडेकडेनं खाली मानेकडे आलंय.

इमास : कोंडा आहे. शाम्पू बदलला मी.

आबा : कोंड्याला अशी लाल किनार नसते. खरवडलं की वरचा पापुद्रा निघून खाली रक्ताचे टिपके येतात?

इमास : येतात.

आबा : कधीपासून?

इमास : रमजानच्या आधीपासून. आबा.

आबा : वर डोक्यातही असेल. उशीवर सकाळी भुगा पडतो?

इमास : आबा, तुम्ही त्या टोकाला बसलाय. तुमचा चष्मा इथे खिडकीत आहे.

आबा : आज उजेड बरा आहे.

इमास : आत्ता म्हणालात, उजेड सोसत नाही. तुमच्या समोर भिंतीवर कॅलेंडर आहे. सगळ्यात खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय?

आबा : राहू दे ना.

इमास : वाचा.

आबा : छापखाना, लोखंडी पुलाजवळ, गारुत. पुढे फोन नंबरही आहे. तो वाचू?

इमास : नको. मी महिन्या-महिन्याला बांडुंगहून येते. तुमच्या ताटातल्या माशाचे काटे काढून देते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावला, तर तुम्ही आदल्या दिवशी आजारी पडलात. पुन्हा लावला, पुन्हा पडलात. इथे बसून तुम्हाला अख्खं वर्तमानपत्र वाचून दाखवायची मी, फुटबॉलच्या निकालांसकट.

आबा : निकाल मी सकाळीच वाचलेले असायचे.

इमास : मग गप्प बसून ऐकायचात कशाला?

आबा : तू वाचायचीस म्हणून.

इमास : हसू नका. मला हसायला येत नाहीये.

आबा : मी कुठे हसतोय.

इमास : का केलंत हे? सलून बंद केलंत. आजोबांच्या काळापासूनचं सलून. लोक अजून विचारतात, आबांचे डोळे कसे आहेत. मी सांगते, आता पूर्वीपेक्षा बरे आहेत, दुआ करा. का केलंत?

आबा : तुझ्या कानामागे जे आहे ना, ते माझ्या अंगभर आहे.

इमास : अंगभर म्हणजे?

आबा : कोपर, गुडघे, पाठ, डोकं. आणि पाय. तुझ्या जन्माआधी गुडघ्यावर एक चट्टा होता, रुपयाएवढा. वाढायचा, जायचा. आई गेली आणि नुसता वणवा पेटला.

इमास : म्हणून हे मोजे.

आबा : गारुतला थंडी असते. मोज्यांचं कुणाला नवल वाटत नाही. डोक्यावर टोपी, अंगात लांब बाह्यांचा शर्ट. शुक्रवारी मशिदीत जातो तेव्हा वजू घरूनच करून निघतो. तिथे सगळ्यांच्या ओळीत पाय धुवायला बसायचं म्हणजे...

इमास : आणि सलून?

आबा : ते जाऊ दे.

इमास : नाही जाऊ देणार.

आबा : एका गिऱ्हाइकाची दाढी करत होतो. जुना माणूस, त्याच्या पोरांचं जावळ मी काढलेलं. गालाला साबण लावला, एक गाल झाला. दुसऱ्या गालाला हात वर केला तशी बाही घसरली. त्याच्या मांडीवर काळा कपडा होता. त्यावर पांढरं पांढरं पडलं. त्यानं कपड्याकडे पाहिलं, मग माझ्या कोपराकडे. म्हणाला, मला एक काम आठवलं. तसाच उठला, गालाला साबण घेऊन. आणि रस्त्यापलीकडच्या दुकानात जाऊन बसला. उरलेली दाढी त्यानं तिथे करून घेतली. मला आरशात सगळं दिसत होतं.

इमास : काही बोलला नाही?

आबा : बोलला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना सांगून टाकलं, डोळे गेले. डोळ्यांची लोक कीव करतात, नेंग. कातडीची किळस करतात.

इमास : मलाही तेच वाटलं तुमच्याबद्दल? की मी किळस करीन?

आबा : तू बालवाडीत शिकवतेस. दिवसभर पोरांना कडेवर घेतेस. माझ्यापासून तुला लागलं तर, असं वाटायचं. हात मागे घ्यायचो तो म्हणून. आणि एवढं करून लागलंच की तुला.

इमास : माझ्या वर्गातलं एक पोर परवा म्हणालं, बाई, तुमच्या खांद्यावर खोबरं सांडलंय. सगळी पोरं बघायला आली. मी म्हटलं, हो, सांडलं. दुसऱ्या दिवसापासून पांढरा ओढणीवजा रुमाल बांधायला लागले.

आबा : कुणाला दाखवलंस?

इमास : फक्त त्या नटवणाऱ्या बाईला. दाखवावंच लागलं. आदल्या दिवशी ती कपाळावरची आणि मानेवरची लव वस्तऱ्यानं काढते ना. मान बघून म्हणाली, असल्या जागेवर मी हत्यार नाही लावणार, आधी साफ करून ये. ओहिम कंपाउंडरकडे जा म्हणाली. एका इंजेक्शनमध्ये कातडी बाळासारखी होते म्हणे. गुरुवारी जातेय.

आबा : नाही जायचं.

इमास : दोन दिवसांत साफ होतं म्हणे.

आबा : होतं. मलाही झालं होतं. आठवड्यात एवढी स्वच्छ कातडी, की मी तुझ्या आईच्या कबरीवर जाऊन तिला दाखवून आलो. मग परत आलं, दुप्पट. पुन्हा टोचून घेतलं. पुन्हा गेलं, पुन्हा आलं. मग एकदा ओहिम मुलाकडे गेला, इंजेक्शन चुकलं, आणि सगळं अंग भाजल्यासारखं लाल झालं. हुडहुडी भरून ताप.

इमास : ते टायफॉइड होतं. मी रजा टाकून आले होते.

आबा : टायफॉइड नव्हतं.

इमास : तुम्ही मला खोलीत येऊ दिलं नाहीत. दाराबाहेर पेजेची वाटी ठेवून जायची मी.

आबा : हो.

इमास : दाराबाहेर बसून रडायची मी, आबा.

आबा : ऐकू यायचं. म्हणून सांगतोय. आज बोललो नसतो तर डोळ्यांचं सोंग शेवटपर्यंत निभावलं असतं मी. पण त्या सुईकडे जाऊ नकोस. तिकडे सरकारी दवाखान्यात कातडीची डॉक्टर बसते, खरी शिकलेली. तिच्याकडे जा. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला, यायानलाही सांग. लग्नानंतर कळण्यापेक्षा आधी कळू दे.

इमास : वा. स्वतः मोज्यांत बसून मला उपदेश.

आबा : माझं आयुष्य झालं.

इमास : मी एकटी नाही जाणार. तुम्ही बरोबर याल.

आबा : येईन ना सोबतीला. बाहेर बाकावर बसेन.

इमास : बाकावर नाही. आत. आणि मी कान दाखवणार, तुम्ही पाय दाखवणार.

आबा : बाई आहे ती डॉक्टर.

इमास : मग मी गुरुवारी ओहिमकडे जाते.

आबा : तुझ्या आईवर गेलीस तू अगदी.

*

डॉ. युयुन : बरं, मुलीचं बघून झालं. आता आबा, तुम्ही. शर्ट, मोजे, टोपी.

आबा : माझं एवढं काही नाही, डॉक्टरबाई. तिचं बघितलंत, पुष्कळ झालं.

डॉ. युयुन : तुमच्या मुलीनं दोन चिठ्ठ्या काढल्यात. दुसरी वाया घालवू का?

आबा : मग तिला बाहेर पाठवा.

इमास : मी भिंतीकडे तोंड करून बसते.

आबा : बाहेर जा, नेंग.

इमास : भिंतीकडे बघतेय मी. काढा.

डॉ. युयुन : सावकाश. मोजा चिकटलाय तो ओढू नका, मी ओला करून काढते. रक्त येतं रोज?

आबा : टाचेच्या भेगांतून येतं. काळे मोजे घालतो, दिसत नाही... माफ करा, हे सगळं खाली पडलं. झाडू आहे का? मी गोळा करतो.

डॉ. युयुन : राहू द्या.

आबा : रुमाल आहे माझ्याकडे. एका मिनिटात उचलतो.

डॉ. युयुन : आबा, वर बसा. ती फरशी आहे, दिवसातून चारदा पुसतात. इथे येणाऱ्या प्रत्येकाचं पडतं. तुमचं काही वेगळं नाही.

आबा : तुमच्या बुटांवर पडलं.

डॉ. युयुन : माझ्या बुटांनी याहून बरंच काही पाहिलंय. हात दाखवा. नखांत हे खड्डे कधीपासून?

आबा : पाण्यात हात असायचा सारखा. बुरशी असेल.

डॉ. युयुन : बुरशी नाही ही. सकाळी उठल्यावर मूठ वळते?

आबा : वळते की.

डॉ. युयुन : उठल्या उठल्या?

आबा : जरा वेळ लागतो. चहा होईपर्यंत बोटं आखडलेली असतात. वय झालं.

डॉ. युयुन : आत्ता वळा. हं. हे बोट सुजलंय, फणसाच्या गऱ्यासारखं. दुखतं?

आबा : कात्री धरली की दुखायचं. आता धरतच नाही.

डॉ. युयुन : हे वयानं नाही झालेलं. जो रोग कातडीत आहे, तोच सांध्यांत उतरलाय. लवकर आला असतात तर एवढ्यावर आलं नसतं. सूज आवरता येईल. पण जे बोट वाकडं होऊन बसलं ते सरळ करून द्यायला मला येत नाही.

इमास : आबा...

आबा : तू भिंतीकडे बघणार होतीस.

इमास : मी ऐकतेय. ऐकायचं नाही असं कुठे ठरलं होतं?

आबा : डॉक्टरबाई, मला काहीतरी मलम द्या. हिला चांगलं औषध द्या. हिचं लग्न आहे रविवारी.

डॉ. युयुन : हिचं सोपं आहे. थोडीच जागा आहे. डोक्याला रात्री लावायचं पातळ औषध, डांबराच्या अर्काचा शाम्पू, आणि मानेला एक मलम, सांगितलं तेवढेच दिवस. रविवारपर्यंत लाली उतरेल, नाहीशी होणार नाही. त्या नटवणाऱ्या बाईला सांग, त्या जागी वस्तरा नको. खरचटलं की तिथे नवा चट्टा उठतो. आणि पुढे कधी वाढलं, कुणी गोळ्या लिहून दिल्या, तर मूल हवंय हे आधी सांगायचं. काही गोळ्या त्या काळात चालत नाहीत.

इमास : मूल हवंय. पण त्याला हे होईल का?

डॉ. युयुन : होईलच असं नाही. होणारच नाही असंही मी सांगणार नाही. पुष्कळांना होत नाही.

आबा : माझ्यापासून लागलं तिला. लहानपणी माझ्याच टॉवेलनं अंग पुसायची ती.

डॉ. युयुन : टॉवेलनं नाही लागत. ताटातून नाही, हात धरल्यानं नाही, एका अंथरुणात झोपल्यानंही नाही. घराण्यातून उतरतं कधी कधी. नाकही तुमचंच दिसतंय तिला. त्याची माफी मागितलीत का कधी?

आबा : नाक झाकावं लागत नाही.

डॉ. युयुन : ते खरं. बरं, तुमचं बोलू. एवढ्या अंगाला नुसतं मलम पुरायचं नाही. पाठीला कोण लावणार?

आबा : हात पोचेल तिथवर मी लावेन.

डॉ. युयुन : बांडुंगला मोठ्या दवाखान्यात उजेडाची पेटी आहे. कपडे काढून आत उभं राहायचं, काही मिनिटं तो खास उजेड अंगावर घ्यायचा. आठवड्यातून दोन-तीनदा, दोन-तीन महिने. कातडीला गुण येतो.

आबा : कपडे काढून? कुणासमोर?

डॉ. युयुन : पेटीसमोर.

इमास : आमच्या खोलीजवळून बस आहे तिकडे. माझ्याकडे राहता येईल.

आबा : नव्या जावयाच्या घरात सासरा जाऊन राहिलाय, असं कधी ऐकलंयस?

डॉ. युयुन : भांडू नका. पेटीनं सांधे बरे होत नाहीत, आणि तुमचे सांधे मला थांबू देणार नाहीत. तुम्हाला गोळ्या द्यायला हव्यात. आज रक्त तपासू, छातीचा आणि हातांचा फोटो काढू. सगळं ठीक आलं तर सुरू. आठवड्यातून एकदा. नीट ऐका, रोज नाही. शुक्रवार ठरवा. रोज घेतली तर जिवावर बेतेल. दुसऱ्या एका दिवशी जीवनसत्त्वाची गोळी. आणि यकृत बघायला वरचेवर रक्त द्यायला यायचं.

आबा : ओहिमसारखी सुई नाही का काही? खरी, चांगली?

डॉ. युयुन : नव्या सुया आहेत, उत्तम आहेत. पण सरकारी विम्यात त्या मिळायच्या तर आधी गोळ्यांनी भागत नाही असं दिसावं लागतं. तिथवर आलो तर मी स्वतः कागद पाठवीन. पण ओहिमची सुई पुन्हा नाही. ते औषध अंगात भरून एकदम तोडलं म्हणून तुमचं सगळं अंग पेटलं होतं. त्या तापात माणसं जातात, आबा.

इमास : आणि हे खोलीचं दार लावून पडले होते.

आबा : बरं, गोळ्यांनी कधी बरं होईल?

डॉ. युयुन : बरं होणार नाही. दबून राहील. कधी इतकं दबेल की विसराल, आणि एखाद्या वाईट महिन्यात परत डोकं वर काढेल. याच्याबरोबर राहायला शिकायचं असतं. तुम्ही आजवर याच्यापासून लपून राहिलात, तेवढाच फरक.

आबा : आणि वस्तरा धरता येईल?

डॉ. युयुन : आत्ता सांगत नाही. पावसाळ्यानंतर विचारा.

आबा : शनिवारपर्यंत पायांचं काही होईल का? हिला ते धुवायचेत. सगळ्यांसमोर.

डॉ. युयुन : शनिवारपर्यंत मऊ होतील. भेगा दुखायच्या कमी होतील. झाकून नाही जाणार.

आबा : मग काय उपयोग.

डॉ. युयुन : त्याला माझ्याकडे औषध नाही.

*

आबा : जेवली नाहीस तू. यायानशी बोललीस?

इमास : बोलले. काल बाजारातून येताना, त्या नूडल्सच्या गाड्यावर बसलो होतो.

आबा : काय म्हणाला?

इमास : आधी नुसता चमचा फिरवत बसला. नूडल्स थंड झाल्या. मग म्हणाला, लागतं का? मी म्हटलं, नाही. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मग मुलांचं विचारलं. डॉक्टर जे बोलली ते सांगितलं. मग पुन्हा एकदा, पण नक्की लागत नाही ना? मला वाटलं, पायाखालची जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

आबा : मी सांग म्हटलं नसतं तर...

इमास : घरी सोडताना फाटकाशी थांबला. म्हणाला, रुमाल काढ, बघू दे. काढला. मोबाइलच्या उजेडात बघितलं त्यानं. म्हणाला, एवढंच? मी म्हटलं, आज एवढंच. उद्या आबांसारखं अंगभर होऊ शकतं. म्हणाला, होईल तेव्हा तेलबिल काय लावायचं ते लावू.

आबा : मग चांगलं बोलला की पोरगा.

इमास : हो. आणि गाडीला किक मारताना म्हणाला, फक्त आमच्या आईला एवढ्यात नको सांगू. मी हो म्हटलं. आबा, मी लगेच हो म्हटलं. मला बरं वाटलं, की चला, एका माणसापुढे तरी मान झाकायला मिळाली. आता स्वतःचीच लाज वाटतेय.

आबा : असंच सुरू होतं ते. एका माणसापासून. मग दुसरा येतो. मग घरातलंच माणूस दाराबाहेर पेज ठेवून जातं.

इमास : मग मी काय करू?

आबा : मला काय विचारतेस? मी कुणाला सांगितलंय आजवर?

इमास : मामाला फोन केला मी. एकच खुर्ची तुझी, असं सांगितलंय. दुसरी रिकामी राहिली तर राहू दे.

आबा : रिकामी खुर्ची मांडवात बरी दिसत नाही.

इमास : नाही दिसत. मलम लावू पाठीला? डॉक्टरनं विचारलं होतं, पाठीला कोण लावणार.

आबा : उजेड आहे अजून. पडदा ओढ आधी.

*

(शनिवार सकाळ. अंगणात मांडव. शेजारणी, नातेवाईक. दोन खुर्च्यांपैकी एकीत मामा, दुसरीत आबा, पायांत काळे मोजे. समोर पितळी घंगाळ, पाण्यावर जाईची फुलं. इमास चटईवर बसली आहे. शेजारी आबांची थोरली बहीण, उवा ओमोह.)

उवा ओमोह : अरे जुहाना, मोजे काढायचे असतात. मोज्यांवरून पाय धुणार का पोरगी?

आबा : काढतो, उवा. घाई काय आहे.

उवा ओमोह : ऊन वर आलं. मागच्या बायका उभ्या राहून बघतायत. त्यांना बसायला सांगू?

आबा : सांग. नाहीतर राहू दे.

इमास : आबा, नको असेल तर मी मोज्यांवर फुलं वाहते. म्हणेन, पायाला लागलंय.

आबा : अजून एक सोंग कशाला? काढ तू. माझी बोटं सकाळची वळत नाहीत.

इमास : उजवा आधी.

आबा : कुठलाही.

उवा ओमोह : बाई गं. हे काय झालंय? भाजलास का रे? कधी भाजलास?

आबा : भाजलो नाही.

उवा ओमोह : महारोग तर नाही ना? इमास, हात लावू नकोस गं, थांब. कुणीतरी हातमोजे आणा.

इमास : उवा, काही आणू नका.

आबा : उवा, खाली बस. हा सोरायसिस आहे. जुना आहे. कुणाला लागत नाही, डॉक्टरनं तपासून सांगितलंय. अंगावरही आहे. डोळ्यांना माझ्या काही झालेलं नाही, डोळे चांगले आहेत. सलून या कातडीमुळे बंद केलं.

उवा ओमोह : मोठ्यानं बोलतोयस तू.

आबा : मागच्यांनाही ऐकू गेलं पाहिजे. नाहीतर पुन्हा पुन्हा सांगावं लागेल, आणि तेवढी छाती माझ्यात नाही.

उवा ओमोह : मी तुझी सख्खी बहीण. दर ईदला तुझ्या घरी जेवते. मला का नाही सांगितलंस?

आबा : लाज वाटली.

उवा ओमोह : माझी?

आबा : माझीच.

उवा ओमोह : ...पाणी कोमट आहे का गं, इमास? बघ बोट घालून. गार असेल तर झोंबेल त्याला. आणि मागच्यांनो, फोटो चेहऱ्यांचे काढा. सरका जरा, वारा येऊ द्या.

इमास : कोमट आहे.

उवा ओमोह : मग कर सुरू. माफी मागायची आधी. आठवतंय ना काय म्हणायचं?

इमास : आबा, लहानपणापासून तुम्ही मला वाढवलंत. मी उलट बोलले, रागावले, तुमच्या मनात काय आहे ते मला ओळखता आलं नाही. माझं चुकलं असेल ते माफ करा, आणि उद्या मला निरोप द्या.

आबा : माफ आहे सगळं. तू पण कर.

उवा ओमोह : बापानं असं म्हणायचं नसतं रे.

आबा : आज म्हणतोय.

इमास : केलं, आबा. यायानच्या आईला मी आज संध्याकाळी फोन करणार आहे. मी स्वतः सांगणार.

आबा : बघ. जमेल तेव्हा सांग.

इमास : आज. पाय पाण्यात सोडा. असं. दुखतंय का?

आबा : नाही.

इमास : भेगेला धक्का लागला का? थांबवू का?

आबा : इतकं भीत भीत नको धुवू, नेंग. पायच आहेत ते.